बुरांके आजोबांचा पाय

डॉक्टर बेनेआटाचा एकच हट्ट होता: राजधानीत मंत्र्याला जे औषध मिळतं, तेच शेवटच्या बेटावरच्या मच्छीमारालाही मिळायला हवं. त्यापायी ती तपासणीची यंत्रं तांदळाच्या डब्यांत भरून पॅसिफिक महासागरातल्या किरिबास देशाच्या बेटांवर होडीनं हिंडायची. वादळाशी तिचं जमायचं. गावोगावच्या सभाघरांत मात्र तिच्या नाकी नऊ यायचे. पाहुण्याचं स्वागत उरकल्याशिवाय त्याला कामाला हात लावू दिला, तर गावाची अब्रूच जायची. शिवाय तिथे प्रत्येक घराण्याची बसायची जागा पिढ्यान्पिढ्या ठरलेली, आणि कुणाकडे पाय करणं म्हणजे त्याचा अपमान.

त्या दिवशी स्वागताचं भाषण बुरांके आजोबांकडे होतं. भरती ओसरायच्या आत होडी निघणार होती. आजोबा डॉक्टरच्या पणजोबांपासून सुरू झाले आणि दोन तासांत कसेबसे तिच्या आजीच्या लग्नापर्यंत पोचले. डॉक्टरचं लक्ष माश्यांकडे होतं. एवढ्या माणसांतून त्या नेमक्या आजोबांच्याच मांडीखाली शिरत होत्या. साखरेचा आजार, त्यात पायाला जखम, आणि म्हातारा ती लपवतोय, हे तिनं ओळखलं. पाय आज हाती लागला नाही, तर महिन्याभरात कापायची पाळी येणार होती.

"आजोबा, पाय जरा पुढे घ्या."

"चार माणसांपुढे पाय पसरू? घरी काही शिकवलंय की नाही तुला, पोरी?" असं म्हणून त्यांनी आजीचं लग्न पुन्हा पहिल्यापासून लावलं.

मग डॉक्टरनंही रीतच धरली. तिनं गाणं लावायला सांगितलं आणि आजोबांसमोर जाऊन नाचासाठी हात पुढे केला. पाहुणीनं नाचायला बोलावल्यावर नाही म्हणायची सोय नसते. म्हातारा चरफडत उठला आणि एका पायावर उड्या मारू लागला. गावाला वाटलं, हा काहीतरी नवा नाच आहे. बघता बघता सगळं सभाघर लंगडी घालू लागलं. चांगलं नाचणाऱ्याला फासायची तिथली रीत, तशी कुणीतरी कौतुकानं डॉक्टरच्या मानेवर पावडर फासली. तिनं उड्या मारता मारताच खाली बसून आजोबांचा वर धरलेला पाय पकडला.

जखम खोल होती, पण बोटं अजून काळी पडली नव्हती.

गाणं थांबलं. आजोबा तिथेच मटकन बसले.

"माझा भाऊ दोन पायांनी राजधानीला गेला होता," ते हळूच म्हणाले. "एका पायानं परत आला."

"तुम्ही कुठेच जायचं नाही. जखम रोज धुवायची आहे, मीच राहते इथे."

होडी तिच्याशिवाय गेली. आजोबा तिच्या मांडीवर पाय सोडून सगळ्यांदेखत रडले. पाय ज्यांच्याकडे झाला होता, ते सहा म्हातारे आजोबांना पाय मागे घ्यायला न लावता आपली पिढीजात जागा सोडून उठले आणि पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.