मॅथ्यू, सुर्वे आणि इंगळेकाका

इंगळेकाकांची स्तुती कोणी सुरू केली, की ते भर सभेत शाळेतल्या पोरासारखा हात वर करायचे. "थांबा. मी एकटा नव्हतो." मग बोटं मोजायचे. "मॅथ्यू, सुर्वे अन् मी. तिघं होतो आमी." एवढं झाल्याशिवाय वक्त्याची सुटका नसे.

नौदलातून लेफ्टनंट कमांडर म्हणून निवृत्त झालेला हा माणूस आमच्या सोनाळ्यात संत्र्याची बाग सांभाळत होता. निम्मं आयुष्य समुद्रावर गेलं, पण बोली गावचीच राहिली. एकाहत्तरच्या लढाईत ते विमानवाहू जहाजावरून टॉर्पेडो टाकणारं विमान उडवायचे. आमच्याकडे टॉर्पेडो कोणी पाहिलेला नाही, म्हणून काका समजावून सांगत, "कपाशीवर फवारा मारतो ना, तसं पाण्याले टेकून जा लागते. वरतून टाकला तं फुकट जाते."

त्या सकाळी टॉर्पेडो शत्रूच्या जहाजाला लागला आणि तेवढ्यात खालून गोळ्या आल्या. दिशा पाहणारा अधिकारी मॅथ्यू मांडीत गोळी लागून कोसळला. समोरच्या काचेवर इंजिनाचं तेल पसरलं. "मले काईच दिसेना. मांगून रेडिओवाला सुर्वे एका हातानं मॅथ्यूची जखम दाबून राह्यला अन् बाजूच्या खिडकीतून पाहून मले सांगून राह्यला, डावीकडं घ्या, उजवीकडं घ्या, आता वर. त्याच्या डोयानं आलं इमान." शौर्यपदक मात्र एकट्या काकांना मिळालं. त्यावर त्यांचं ठरलेलं बोलणं असे, "पदक एकाच्याच छातीले लावता येते. इमान तिघायनं आणलं."

मी शाळामास्तर. गावात सत्कार कोणाचाही असो, मानपत्र माझं. तलाठ्यापासून पतसंस्थेच्या अध्यक्षापर्यंत 'अखंड तेवणारा नंदादीप' मी सगळ्यांना सारखाच वाटून दिला आहे. ग्रामपंचायतीनं काकांचा सत्कार ठरवला तेव्हा मी लिहिलं, 'जखमी विमान एकाकी झुंजत, केवळ स्वतःच्या नजरेच्या बळावर परत आणणारा सोनाळ्याचा सुपुत्र.' मॅथ्यू आणि सुर्वे मला चांगले माहीत होते. पण तिघांना बसवलं की वाक्याचा जोर जात होता, म्हणून मी दोघांना गाळलं.

सत्कारात मी त्या वाक्याशी आलो आणि काकांचा हात वर झाला. मी तो पाहिला. आवाज चढवला आणि पुढे वाचत राहिलो. लोकांना वाटलं, काका अभिवादन करताहेत. टाळ्यांचा कडकडाट झाला.

दुसऱ्या दिवशी काका घरी आले. "गुरुजी, त्यात दोन नावं घालून द्या. मॅथ्यू गेला, सुर्वे गेला. मी गेल्यावर कागदच बोलन."

"काका, आता फ्रेम झाली ना. करू सवडीनं."

"काऊन, फ्रेम उघडत नाही काय?"

उघडत होती. पण त्या वाक्याला टाळ्या पडल्या होत्या आणि मला ते मोडवत नव्हतं. पुढे बाजारात भेटले की ते एवढंच विचारत, "झालं काय?" मी म्हणे, "या आठवड्यात नक्की." असं वर्षभर चाललं. ते एकदाही रागावले नाहीत, त्यामुळे मला आणखी सोपं गेलं.

गेल्या पोळ्याच्या आधी काका वारले. श्रद्धांजली म्हणून मी त्याच मानपत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकला. तो फिरत फिरत कोकणात पोचला आणि आठवड्यानं रत्नागिरीहून सुर्व्यांच्या मुलीचा फोन आला.

"सर, माझे बाबा त्या विमानात नव्हते का?"

"होते. काका स्वतः सांगायचे."

"त्यांचं लेखी काही आहे?"

नव्हतं. लेखी होतं ते माझंच, खाली माझ्या सहीसकट.

"आईनं तो कागद वाचलाय," ती म्हणाली. "म्हणते, म्हणजे हे आयुष्यभर खोटं सांगत होते."

"खोटं मी लिहिलंय, ताई. फोन आईंकडे द्या."

सुर्वेबाईंनी माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग विचारलं, "अहो, मग इंगळे होते तेव्हाच का नाही हे दुरुस्त केलंत?"