माझी रेघ वर चढेना

ताई-भाओजींनी नोएडात नवा फ्लॅट घेतला, त्याच वर्षी ताईची गर्भपिशवी काढायचं ठरलं. वय जेमतेम तिशीचं, मूल नाही. पाळीत इतकं रक्त जायचं की ऑफिसात खुर्चीवरून उठायची तिला धास्ती. औषधं झाली, क्युरेटिंग झालं. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, काढून टाका, कटकट मिटेल. आमची आई दिल्लीतल्या लक्ष्मीबाई नगर वसाहतीतल्या सरकारी क्वार्टरात पोळ्या लाटता लाटता म्हणाली, "बायकांच्या जातीला हे कुणाला चुकलंय? ही पहिल्यापासूनच नाजूक, जरा काही झालं की नाटकं." मला आईचा भयंकर राग आला. तसं मलाही खूपच जायचं, पण आमच्या घरात तेच नॉर्मल.

मी तेव्हा नुकतीच पीएचडीला लागले होते. विषय रक्तातल्या प्लेटलेट्स. रक्तवाहिनी फाटली की तिच्या भिंतीतलं कोलॅजेन उघडं पडतं. प्लेटलेट त्याला चिकटते, आणि मग तिच्या आत एक प्रथिन दुसऱ्याला उठवतं, दुसरं तिसऱ्याला. हा निरोप शेवटपर्यंत पोचला की प्लेटलेट फुगते, पसरते, शेजारणींना धरते आणि गुठळी होते. आमच्या यंत्रातल्या रक्तात कोलॅजेन टाकलं की क्षणभर काही होत नसे. मग कागदावरची रेघ सरसर वर चढे, म्हणजे गुठळी झाली.

लॅबची एक पद्धत होती. तुलनेसाठी निरोगी माणसाचं ताजं रक्त लागे, आणि ते घरचंच, म्हणजे सकाळी जो आधी येईल त्याचं. त्या दिवशी मी आधी पोचले. कागदावर माझ्या नावापुढे 'नॉर्मल' लिहिलं आणि दंड पुढे केला.

रेघ आडवीच. कोलॅजेन वाढवलं, तरी ढिम्म. आमचे सर पंजाबी, तापट. कोलॅजेन परदेशातून यायचं; विमानतळावर अडकून खराब झालं म्हणून त्यांनी कस्टमवाल्यांचा उद्धार केला. मग त्याच बाटलीतलं लॅबमधल्या दुसऱ्या मुलाच्या रक्तात टाकलं, तर रेघ झकास वर! सर माझ्याकडे वळले. "सिरदर्द की गोली खाई होगी तूने." अ‍ॅस्पिरिननं प्लेटलेट्स मंदावतात, हे खरं. पण मी काय दूधखुळी होते? "नहीं खाई, सर," मी ठणकावून सांगितलं. तरी दहा-बारा दिवस साधी क्रोसिनही घेतली नाही आणि पुन्हा रक्त दिलं. कोलॅजेनला रेघ आडवीच. गुठळी करणारं दुसरं द्रव्य टाकलं की मात्र व्यवस्थित चढे. म्हणजे प्लेटलेट्स धडधाकट होत्या, कोलॅजेनचा निरोप तेवढा त्यांच्या आत पोचत नव्हता.

सर पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले. "घर में किसी को ज़्यादा ब्लीडिंग होती है?"

ताईचं ऑपरेशन पुढच्याच आठवड्यात होतं.

मी तडक बस पकडून नोएडा गाठलं. ताई वैतागली. "अगं, सुया टोचून घेऊन कंटाळले मी! आता तूही?" हातापाया पडून तिला रक्ताच्या डॉक्टरांकडे नेलं. तिचीही रेघ तशीच आडवी निघाली. डॉक्टर म्हणाले, दोष पिशवीत नाहीच, प्लेटलेट्समध्ये आहे. हे माहीत नसताना टेबलावर घेतलं असतं तर रक्त आवरणं कठीण झालं असतं. पाळीत रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या घ्या, आणि मूल हवं असेल तर आम्हाला सांगून, जपून होऊ द्या. ऑपरेशन रद्द झालं. मला रस्त्यातच नाचावंसं वाटत होतं.

संध्याकाळी आम्ही दोघी आईकडे गेलो. ताई आनंदानं रडेल असं मला वाटलं होतं. ती चप्पलही न काढता आईसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बघ, मी नाटकं करत नव्हते."

आईनं गॅस बंद केला. पदराला हात पुसले.

"मलाही अस्संच जायचं गं," ती म्हणाली. "तुम्हा दोघींच्या वेळी तर मरता मरता वाचले. मला वाटायचं, सगळ्यांचंच असं असतं."