दाण्याच्या कुटाविना कार्तिक

नव्वदच्या दशकात, मी शेहेचाळीस वर्षांची असताना, कानडी मुलखात, बसवनगुडीतल्या आमच्या घरात दाण्याच्या कुटावर बंदी घातली. माझी सगळी कामं आखलेली असतात. म्हटलं, म्हातारपणही आखूनच येऊ द्यावं. थंडी लागली की गालांची कातडी ओढल्यासारखी होई आणि हनुवटीखाली ती सैल पडू लागली होती. एका मासिकात चाळिशीनंतरच्या बायकांसाठी आहार आला होता. तेल, तूप, दाणे, खोबरं बंद. उकडलेल्या भाज्या, फळं, भरपूर पाणी, आणि जेवण दिवस मावळायच्या आत. पान कापून स्वयंपाकघराच्या दारामागे चिकटवलं आणि दुसऱ्या दिवशी सुरुवात केली.

मराठी घरात कूट नाही म्हणजे काय, ते पहिल्याच रात्री कळलं. आमच्या ह्यांनी कोशिंबिरीची वाटी उचलून पाहिली.

"हिला बरं नाहीये का?"

"काकडी आहे. पौष्टिक असते."

"असेल. आजारातून उठल्यासारखी दिसतेय."

मुलगी खुदकन हसली. तिला पुण्यात नोकरी लागली होती आणि महिनाभरात ती जाणार होती. हा महिना कसा जपायचा, हे मात्र माझ्या आखणीत कुठेच नव्हतं.

ती दोघं साडेआठला जेवत. मी साडेपाचलाच खिडकीशी बसून उकडलेला दुधी खाई. बाहेर बुचाच्या झाडावरून लांब देठांची पांढरी फुलं गिरक्या घेत उतरत. तो उजेड इतका मऊ असे की रस्ता, झाड, माझी ताटली, सगळं पाण्याखाली ठेवल्यासारखं दिसे. मग मी आत इस्त्री करत बसे आणि भिंतीपलीकडून त्या दोघांचं बोलणं येई. शब्द नाहीत, नुसते चढउतार.

एका संध्याकाळी मुलगी माझ्यासमोर येऊन बसली. तिने माझ्या गालावरून बोटं फिरवली.

"आई, पापडासारखा लागतोय गं."

"फरक पडायला वेळ लागतो."

"आणि मी गेल्यावर तू माझ्याशिवाय जेवणारच आहेस. आत्तापासून सराव कशाला?"

मी उरलेला दुधी संपवला. चव आधीही नव्हती.

कार्तिकातल्या शेवटच्या सोमवारी आमच्याकडे शेंगांची जत्रा भरते. इथले लोक तिला कडलेकाई परिषे म्हणतात. नव्या पिकाच्या शेंगा आधी नंदीला वाहायच्या, मग आपण खायच्या. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या दोन्ही कडांना शेंगांचे ढीग. भाजल्याचा धूर झाडांत अडकून राहिलेला, आणि त्यातून माणसं स्वप्नातल्यासारखी हळू चाललेली. मुलीने माझा हात धरला होता. गर्दीत तिने असा हात धरल्याला वर्षं झाली होती.

एका ढिगामागच्या बाईने माझ्या तळहातावर मूठभर शेंगा ठेवल्या. "रुची नोडी, अक्का." चव तर बघा.

मी मुलीकडे द्यायला हात पुढे केला. तिने घेतल्या नाहीत. नुसती बघत राहिली.

मी एक फोडली. दाणा गरम होता, थोडा ओला, आतून गोडसर. दुसरी फोडली. मग आम्ही कागदाच्या पुडीत शेंगा घेतल्या आणि खात खात गांधीबाजाराच्या बाजूला कितीतरी वेळ चालत राहिलो. पायांखाली टरफलं कुरकुरत होती. ती पुण्यातल्या खोलीबद्दल बोलत होती, सोबतीच्या मुलीबद्दल, भीतीबद्दलही. भिंतीपलीकडे बहुधा हेच ती बोलत असावी.

घरी आल्यावर दारामागचं पान काढलं नाही, दुरुस्त केलं. फळं, पालेभाज्या, पाणी राहू दिलं, नाचणी वाढवली. तळण आठवड्यातून एकदा. दाणे आणि तूप, बेताने, परत. जेवण साडेआठला, सगळ्यांनी. पुढे गाल हळूहळू मऊ झाले. हनुवटीने ऐकलं नाही. तिला मी वगळलं.

ती जायच्या आदल्या दिवशी कोशिंबिरीत कूट होतं, वर हिंग-जिऱ्याची फोडणी. ह्यांनी वाटी पुसून खाल्ली. जेवणं झाली तरी गप्पा चालूच होत्या. ताटं सुकली, खरकटे हात वाळून खडखडीत झाले, आणि तिघांपैकी कुणीही आधी उठायला तयार नव्हतं.