वखद आणि औषध

गुडघ्यांसाठी मी तीन वर्षं एक पूड खात होते. मालवणच्या बाजारात एक म्हातारा कागदाच्या पुड्या बांधून द्यायचा. झाडपाल्याची आहे, म्हणायचा. आठवड्यात गुडघे मोकळे झाले. पुढे तोंडही गोल झालं, तेव्हा मोठी जाव म्हणाली, "सुखाची सूज गो ती!"

यंदा म्हातारा यायचा बंद झाला. पंधरा दिवसांत अंगातलं बळच गेलं. मासे कापताना डोळ्यांपुढे अंधारी यायची, ओकाऱ्या व्हायच्या. जाव मला दवाखान्यात घेऊन गेली आणि बाहेर बाकावर बसली.

डॉक्टरांनी विचारलं, "औषधं, गोळ्या काही चालू आहेत?"

मी मान हलवून नाही म्हटलं. पुरुष माणसासमोर माझं तोंड उघडत नाही, हे खरं. पण मला ते खोटंही वाटलं नाही. डॉक्टर देतात ते औषध. घरी घेतो ते आमच्याकडे वखद. वखदाचं त्यांनी विचारलंच नव्हतं.

त्यांनी रक्त तपासायला सांगितलं, तेही सकाळी आठलाच. आमच्या देवबागहून पहिल्या गाडीने गेलो. रक्त काढणाऱ्या मुलीला जावेनेच विचारलं, आठच का? ती म्हणाली, "कॉर्टिसॉल सकाळी भरलेलं असतं, संध्याकाळपर्यंत उतरतं. भलत्या वेळी मोजलं तर कमी आहे की नाही, कळणार कसं?" हे मला लगेच समजलं. खाडीचं पाणीही ओहोटीला बघून किती खोल ते सांगता येत नाही.

रिपोर्ट घ्यायला गेलो तेव्हा जाव माझ्याबरोबर आत आली. डॉक्टरांनी कागदावर दोन मूत्रपिंडं काढली आणि प्रत्येकावर टोपीसारखी एक ग्रंथी. "आजारपणात अंगाला तग धरायला लावणारा रस, कॉर्टिसॉल, इथे तयार होतो. तुमचा फार कमी आहे. डोक्यातून या ग्रंथींना हुकूम जातो, तोही कमी. डोक्याचा फोटो काढावा लागेल. गोव्याला जा."

डोक्यात गाठ असणार, असंच मी धरून चालले. जावेने मला कोपराने ढोसलं.

"गो, ता वखद खातंस ता सांगलंस?"

"वखद म्हणजे?" डॉक्टरांनी विचारलं.

"गुडघ्याची पूड, डॉक्टरांनू. तीन वर्सा खाता. तुमच्याकडे मुकी, घराकडे आमका बोलाक देणा नाय!"

तशीच दुसरीकडे मिळाली तर ताडून बघावी म्हणून ठेवलेली शेवटची पुडी पिशवीत होती. ती मी टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी ती उघडून पाहिली. अशा पुडीत कधी कधी स्टिरॉइड मिसळलेलं असतं, म्हणाले. बाहेरून आयतं मिळालं की डोकं हुकूम द्यायचं थांबवतं, ग्रंथी सुस्तावतात. मग पूड अचानक बंद झाली की माणूस कोसळतं. त्यांनी फोटो तूर्त थांबवला. त्याच रसाची उणीव भरून काढणाऱ्या गोळ्या दिल्या आणि त्या मनाने बंद करायच्या नाहीत, आपण हळूहळू कमी करू, असं दोनदा बजावलं.

चार महिन्यांनी पुन्हा आठ वाजता रक्त दिलं. आकडा थोडा चढलाय. अजून पुरेसा नाही. गुडघे पुन्हा दुखतात, ते मी सोसते.

बोलणं मला अजून जमत नाही. म्हणून जाताना चिठ्ठी नेते. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, पण वाचता येतं. तोंडात जाईल ते सगळं लिहिते, औषध वेगळं, वखद वेगळं. मागच्या खेपेला सोलकढीही लिहिली होती. डॉक्टर हसले, पण त्यांनी ती खोडली नाही.