पहिल्या राशीचा ट्रॅक्टर

काशीराम परबांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते ट्रॅक्टरखाली होते, आणि त्यानंतरही बहुतेक वेळा तिथेच दिसले. बाहेर फक्त पाय. एकदा मी त्या पायांना अर्धा तास शेठचा निरोप सांगत बसलो होतो आणि पाय झोपलेले निघाले.

भांडुपला रुळांच्या पूर्वेला, खाडीच्या अंगाला नंदकिशोरशेठचं मिठागर होतं. मी तिथे कारकून. बार्शीहून बी.कॉम. होऊन आलो तेव्हा आईनं गल्लीभर सांगितलं की पोरगा मुंबईत ऑफिसात लागला. ऑफिस म्हणजे एक पत्र्याची शेड. तिच्या एका भागात मी आणि दुसऱ्या, मोठ्या भागात ट्रॅक्टर.

हा ट्रॅक्टर मूळचा नाशिककडचा. कांद्याच्या शेतात त्याचं तारुण्य गेलं. म्हातारा झाला म्हणून शेतकऱ्यानं विकला, स्वस्त मिळाला म्हणून शेठनं घेतला. "कांद्यातून मिठात आला, आता मिरची तेवढी लावायची राहिली," असं मी एकदा म्हटलं. काशीराम हसले नाहीत.

"मिरची शेठ लावता," ते म्हणाले. "रोज."

काशीराम देवगडकडचे, गिरणीत फिटर होते. संप झाला, संप संपला की नाही हे कोणी धड सांगितलं नाही, आणि गिरणीचं गेट काही उघडलं नाही. पुढे तिथली मशिनं किलोच्या भावानं ट्रकात चढताना त्यांनी रस्त्यावरून पाहिली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही गंजलेला नट पिळता पिळता, त्यामुळे निम्मं मला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. हातात पाना होता.

मिठागराचं काम थंडीचं. मुंबईची थंडी म्हणजे बायको स्वेटर काढते आणि नवरा पंखा बंद करत नाही, एवढीच. पण पाऊस गेला, ऊन कोरडं झालं की वाफ्यांत मीठ धरायला लागतं. मग राशी उचलायच्या, ट्रॉलीत भरून रस्त्यापर्यंत न्यायच्या. चार महिने पावसात उभा राहिलेला ट्रॅक्टर त्या वेळी चालता हवा. खाडीचा खारा वारा पत्र्याच्या फटीतून आत येऊन लोखंड चाटत बसायचा. दरवर्षी गणपती विसर्जन झालं की काशीराम त्याला उघडत. इंजिन जाम असायचं. आत रॉकेल सोडायचं आणि वाट बघायची. मग हळूच फिरवून बघायचं. नाही फिरलं तर आणखी रॉकेल आणि आणखी वाट. काचपेपरनं गंज घासून लाल रंग मारायचा. वायरी पुसून त्यांना ग्रीस फासायचं. रेडिएटरमध्ये मिठागरातलं पाणी कधीच नाही. घरच्या नळाचं गोडं पाणी ते कॅनमधून आणत. डोंगरावरच्या चाळीत नळाला पाणी किती येतं हे ज्याला माहीत आहे त्याला त्यांच्या बायकोचं, रत्नप्रभावहिनींचं मत वेगळं सांगायला नको.

"ट्रॅक्टराक आंघोळ, आमका पुसणी," त्या म्हणायच्या.

पंच्याऐंशीच्या दिवाळीत शेठ आले, ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारली, आणि पायांशी बोलले.

"मिस्त्री, यंदा पहिल्या राशीच्या दिवशी हा चालला तर चालला. नाही तर कुर्ल्याचा भंगारवाला घेऊन जाईल. मीठ वाहायला मी ट्रकवाल्याशी बोलून ठेवलंय."

काशीराम बाहेर आले. "आणि मी?"

"ट्रक काय ड्रायव्हरशिवाय येतो काय?" शेठ म्हणाले, आणि गेले.

पन्नाशीतला माणूस पुन्हा एकदा भंगारवाल्याच्या ट्रकाकडे बघत उभा राहणार होता, आणि या वेळी तर संपसुद्धा केला नव्हता. काशीराम सकाळी यायचे, उघडायचे, घासायचे. साकीनाक्याहून जुना नोझल शोधून आणला, तो बसेना, दुसरा आणला. दुपारी डबा उघडायचे आणि दोन घासांनंतर बंद करायचे. मी म्हटलं, "मिस्त्री, जेवा तरी." तर म्हणाले, "चावूचो कंटाळो येता."

शेवटी इंजिन लागलं. पहिल्या राशीच्या आदल्या दिवशी ते सकाळ-दुपार चालवून पाहिलं, नीट चाललं. त्या दिवशी काशीराम ऊन असताना घरी गेले. "आज निजतंय," एवढंच म्हणाले. मग मीही शेठच्या कामाला मुलुंडला गेलो. शेडमध्ये कोणी नव्हतं.

आता या मिठागरात एक रीत होती. ज्या वाफ्यात पहिलं मीठ धरलं, त्या वाफ्याच्या पाण्यानं आदल्या संध्याकाळी फावडी, पाट्या, सगळी हत्यारं धुवायची. हे काम बायकांचं, आणि बायकांची मुकादम चंपा. इतकी वर्षं कोणी ट्रॅक्टरला त्यात धरलं नव्हतं. तो शेठचा, लोखंडाचा, परगावचा. पण यंदा काशीरामांची झटापट सगळ्यांनी बघितली होती. चंपाला वाटलं, हापण आता आपलाच. बायकांनी बादल्याच्या बादल्या ओतून त्याला धुतला. आत, बाहेर, खाली, जिथे हात पोचला तिथे सगळीकडे. वर झेंडूची माळ घातली.

सकाळी काशीरामांनी माळ बघितली, मग पत्र्यावर सुकलेलं पांढरं मीठ बघितलं. चावी फिरवली. सेल्फ स्टार्टरनं घशात काटा अडकल्यासारखा आवाज केला आणि गप्प झाला. शेठ दहाला येणार होते.

"काय झालं?" चंपा आली. "आम्हीच धुतला काल. चांगला चकाचक."

"खाऱ्या पाण्यान?"

"मग कसल्या? मिठातली वस्तू कधी सडते काय? लोणचं सडतं? सुकट सडते?"

काशीराम तिच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पाना फेकतील. ते फक्त चाकाला टेकून खाली बसले.

"लोखांड म्हणजे कैरी नाय गो," ते म्हणाले.

चंपाचा चेहरा उतरला. "मग आता?"

"सेल्फ खोलून, धुवून, सुकवून..." त्यांनी हात हलवला. "आखो दिवस."

चंपानंच साडी खोचली. "ढकलून लागतो ना? टेम्पो लागतो तसा?"

लागतो. पण टेम्पो कुठे आणि हा हत्ती कुठे. वीसेक बायका, चार पुरुष आणि मी एक बी.कॉम., असे सगळे बांधावरच्या वाटेवर त्याला लागले. काशीराम वर बसले, गियर टाकला, ओरडले, आम्ही ढकललं. एक धक्का, एक ठसका, थांबला. पुन्हा. चाक वाटेच्या कडेला घसरलं, ते सरळ केलं. पुन्हा.

"एवढ्यात बाळंतपण झालं असतं," चंपा धापा टाकत म्हणाली.

पुढच्या खेपेला काळा धूर आला आणि इंजिन धडधडायला लागलं. कोणी ओरडलं नाही. दम कोणात होता?

शेठ आले तेव्हा ट्रॅक्टर राशीपाशी उभा होता, माळ घालून, धडधडत. शेठनं ऐकलं, मान हलवली. नारळ हातात घेतला.

"झकास. चालतो म्हणजे. आता जरा बंद करा, पूजा होऊ दे. काही ऐकू येत नाहीये."

बंद केला की संपलं. पुन्हा शेठसमोर ढकलायचा, आणि ढकलायचा ट्रॅक्टर म्हणजे शेठच्या लेखी भंगारच.

काशीराम खाली बघत म्हणाले, "शेठ, पहिल्या राशीक इंजिन बंद करनत नाय. गिरणीतली रीत हा. पूजेच्या टायमाक मशीन फिरता असलाच पायजे."

मी दसऱ्याची गिरणीतली पूजा ऐकून होतो. मशिनं बंद करूनच करत. मी तोंड बंद ठेवलं.

"आमच्यातपण तसंच," चंपा लगेच म्हणाली. "थांबलेल्या गाडीला नारळ नाही फोडत, शेठ. अपशकुन."

शेठ अपशकुनाला फार मानत. त्यांनी इंजिनापेक्षा मोठ्या आवाजात गणपतीचं नाव घेतलं, नारळ फोडला, आणि जाता जाता मला म्हणाले, "ट्रकवाल्याला नको म्हणून कळव."

राशी उचलणं सुरू झालं. ट्रॉली भरायची, रस्त्यापर्यंत, रिकामी, परत. काशीराम उतरले नाहीत. उतरले तरी इंजिन बंद करता येणार नव्हतं, आणि चालू सोडून जायला त्यांचं मन तयार नव्हतं. दुपारी डबा मीच वर नेऊन दिला. डाव्या हातात डबा, उजवा हात स्टिअरिंगवर, सगळा माणूस त्या धडधडीबरोबर थरथरत होता.

"थोडं सावलीत बसता का? मी बघतो," मी म्हटलं.

"तुका काय कळता?" ते म्हणाले. राग नव्हता त्यात. मग थोड्या वेळानं, "गिरणीत मशीन बंद पडा नाय, पण आपली पाळी संपली की बदलीचो माणूस येय. हयसर कोण येतलो?"

त्यांनी सगळा डबा खाल्ला. चावून.

ऊन कललं तेव्हा शेवटची खेप झाली. बायका हातपाय धुऊन घरी निघाल्या होत्या. चंपा शेडच्या दारात थांबली, काहीतरी बोलायचं होतं तिला, पण आवाजात बोलता येईना म्हणून नुसती उभी राहिली. काशीरामांनी ट्रॅक्टर जागेवर आणला आणि दांडी ओढून इंजिन बंद केलं. अचानक सगळं इतकं शांत झालं की मला माझेच कान दुखल्यासारखे वाटले.

"चुकलं माझं, भाऊ," चंपा म्हणाली.

"धुतलंस ना," काशीराम उतरत म्हणाले. "कोणी धुवीत नव्हता." मग त्यांनी हातावर रॉकेल घेतलं, पाना उचलला आणि सेल्फचे बोल्ट सोडायला लागले.

"उद्या करा की आता," मी म्हटलं.

"उद्या सकाळी परत लागाक होयो." त्यांनी एक बोल्ट सोडून माझ्या हातात दिला. "आज रीत सांगितली. उद्या खंयची सांगतलंय?"