जावेच्या घरामागचं तळं

आमचा लेआउट पांढुर्ण्याच्या बाहेर, तिगावकडे जाताना लागतो. आधी तिथं संत्र्याची बाग होती. बाग मोडून प्लॉट पडले, तेव्हा आमच्या ह्यांनी आणि दिरांनी दोन प्लॉट घेतले. एक रस्त्याला लागून, उंचावर. दुसरा त्याच्या पाठीमागे, उतारावर. कोणता कोणाचा, यासाठी चिठ्ठ्या टाकल्या. समोरचा आमच्या नावानं निघाला, मागचा दिराच्या.

धाकटी जाऊ हसत म्हणाली, "घ्या ताई, तुमचं नशीब समोर आलं, आमचं मागंच राह्यलं."

मला फार बरं वाटलं. ती रामाकोन्याहून लग्न होऊन आली तेव्हापासून तिच्यापेक्षा सरस ठरायची वेळ माझ्यावर क्वचितच आली होती. तिनं खोचलेली काडीसुद्धा जगायची, माझी विकत आणलेली रोपं वाळायची. मी सगळी हयात शाळेत शिकवण्यात घालवली, पण नात्यातल्या बायकांना काही विचारायचं असलं की त्या माझ्या घरावरून पुढे जाऊन तिच्याकडे बसायच्या. मी तालुक्याच्या सावसरची, घरातली मोठी सून. पण लग्नाकार्यात सगळ्यांच्या तोंडी नाव मात्र तिचंच.

घरं झाली आणि पावसाळ्यात हायवेकडचं, सगळ्या लेआउटचं पाणी उतारानं वाहत येऊन तिच्या घरामागच्या मोकळ्या जागेत साचलं, तिथून तिच्या स्वयंपाकघरात शिरलं. मी खराटा घेऊन धावले. अगदी मनापासून धावले. दुसऱ्याच्या घरातलं पाणी उपसताना माणसाचं मन फार मोठं होतं.

आमच्या ओळीत सिंचन खात्यातून निवृत्त झालेले एक ओव्हरसियर राहतात. त्यांनी सगळ्यांना सुचवलं, की पाणी नालीत काढून देण्यापेक्षा त्या मोकळ्या जागेतच तळं करावं. घरंही वाचतील, उन्हाळ्यात बोअरलाही पाणी राहील. अडचण एकच होती. लेआउटच्या मंजूर नकाशात ती जागा बगिचा म्हणून दाखवली होती. बगिच्याच्या जागी तळं करायचं तर नकाशात बदल मंजूर करून घ्यावा लागणार होता. त्यासाठी अर्ज, मग लोकांच्या हरकती, मग सुनावणी. मध्य प्रदेश सरकारला हिंदीत अर्ज चांगला कोण लिहील, तर मास्तरीणबाई. काम माझ्याकडे आलं. पांढुर्णाच जिल्हा झाल्यापासून छिंदवाड्याला जावं लागत नाही, त्यामुळे नाही म्हणायला कारणही नव्हतं.

मी ऑफिसात हेलपाटे घातले. बाकड्यावर बसले, साहेब जेवायला गेले की थांबले, आले की पुन्हा उभी राहिले. जावेचं घर वाचवायला निघालेली मोठी जाऊ, असं लोक म्हणायचे आणि मला ते ऐकायला आवडायचं.

मग ओव्हरसियर एक दिवस तळ्याचं चित्र काढून घेऊन आले. उतरते दगडी काठ, कडेनं चालायची वाट, कडुनिंब, करंज. मधोमध पाणी. आणि पाण्यासमोर एकच घर.

"तुमच्या जावेची तर लॉटरीच लागली," ते म्हणाले. "मागचा ओटा सरळ तळ्यावर. असा प्लॉट आता मागून मिळणार नाही."

मी चहा ठेवायला आत गेले. समोरच्या रस्त्यावरून कापसाचा ट्रक गेला आणि नेहमीसारखी खिडकीची काच थरथरली. रोज थरथरते. त्या दिवशी मात्र ती माझ्या छातीतच थरथरली.

त्यानंतर मी त्याच कामासाठी जायची, पण पाय उचलत नव्हते. बाकड्यावर बसून मनात म्हणायची, मी इथे उन्हात बसून राहिले आणि ती तिकडे तळ्यावर चहा पिणार. ह्यांना बोलून दाखवलं, तर हे म्हणाले, "चिठ्ठी तूच उचलली होती ना?" चिठ्ठी मीच उचलली होती, हेच तर दुःख होतं.

सुनावणीला लेआउटमधली बरीच माणसं आली. एकानं म्हटलं, तळ्यात लोक कचरा टाकतील. साहेबांनी ते लिहून घेतलं. "और किसी को आपत्ति?" त्यांनी विचारलं. मी उठायच्या बेतातच होते, सगळं झालं असं समजून. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली. जाऊ उभी राहिली.

"माही आहे आपत्ती," ती म्हणाली.

साहेबांनी तिचं घर कुठलं ते नकाशात पाहिलं आणि पेन खाली ठेवलं. अगदी लागून असलेल्या घराचीच हरकत असेल तर जागा बघितल्याशिवाय मंजुरी देता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं.

घरी पोचल्यावर सरळ तिच्या मागच्या ओट्यावर गेले. तिची नात तिथं रांगत होती.

"काय केलं तू हे? इतके दिवस मी कोणासाठी फिरून राहिले?"

"माह्यासाठी, ठाऊक आहे मले," ती म्हणाली. "पण हे पाहा ना ताई. हे पोरगी आता भिंत धरून उभी राहून राहिली. उद्या चालन. माह्या दारात एवढं पाणी, माहा जीव घरात लागन काय?"

"लोक अशा जागेसाठी तरसतात," मी म्हणाले. आवाज चढला होता. "तुले सोन्यासारखं मिळून राहिलं आणि तू लाथ मारतेस?"

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग नातीला कडेवर घेऊन अगदी साधेपणानं म्हणाली, "तुमाले एवढं आवडते तं घर बदलून घ्या. मी समोर येतो. मले रस्त्याचं काही नाही वाटत."

ती टोमणा मारत नव्हती. तसं असतं तर मीही एक मारला असता.

साहेब जागा पाहायला आले त्या दिवशी जाऊ दारातच उभी राहिली, हिंदीत बोलायचं म्हणून मीच पुढे झाले. आणि मी बोलले. काठाला जाळीचं कुंपण हवं, जावेच्या बाजूला पाणी उथळ हवं, फाटकाला कुलूप हवं. इतकं तावातावानं बोलले की ओव्हरसियरही माझ्याकडे बघत राहिले. साहेबांनी मान डोलावली. या अटी घालून मंजुरी आली.

कागद मीच आणला. जावेनं तो हळद-कुंकू लावून देवाजवळ ठेवला आणि विचारलं, "मग? बदलायचं का घर?"

"नाही," मी म्हणाले.

तिनं दिलेलं तळं मला नको होतं. ते माझ्या चिठ्ठीत निघायला हवं होतं.

उन्हाळ्यात तळं खोदून झालं, कुंपण लागलं. पावसाळ्यात पाणी उतारानं आलं आणि निमूट तळ्यात गेलं. तिचं स्वयंपाकघर कोरडं राहिलं. दिवाळीनंतर ती भाच्याच्या लग्नाला रामाकोन्याला गेली आणि झाडांना पाणी घालायला चावी माझ्याकडे ठेवून गेली.

पहिल्या दिवशी मी पाणी घालून परत आले. दुसऱ्या दिवशी खुर्ची काढली. तिसऱ्या दिवशी घरून चहा करून नेला. संध्याकाळचं ऊन पाण्यावर पसरलं होतं, एक बगळा काठाला उभा होता, ट्रकचा आवाज कुठून तरी लांबून यायचा. मला वाटलं होतं, दोन दिवसांत कंटाळा येईल, पाणी ते पाणी, त्यात काय बघायचं. कंटाळा आला नाही. ते मला फार आवडलं, आणि त्यानंच माझी पंचाईत झाली.

जाऊ आली तेव्हा मी ओट्यावरच होते. तिनं लग्नातले लाडू माझ्या हातात दिले.

"कसं वाटते ताई इथं?"

"बरं आहे," मी म्हणाले. "पण पाण्यावरचं ऊन डोळ्यात जाते बाप्पा. बसवत नाही."

दुसऱ्या दिवशी गेले तर दीर स्टुलावर चढून ओट्याला उन्हाची हिरवी जाळी बांधत होते. जाऊ खालून दोरी धरून उभी होती. "ताईच्या डोळ्याले त्रास होऊन राहिला म्हणून," ती शेजारणीला सांगत होती.

आता मी रोज तिथंच बसते. ती चहा आणायला आत गेली की जाळी थोडी बाजूला सारते, ती आली की सोडून देते. परवा ती चहा घेऊन लवकर बाहेर आली आणि जाळी माझ्या हातातच राहिली. माझ्या बाजूची गाठ सोडून तिनं जाळी खांबाला गुंडाळली आणि कप माझ्यापुढे केला.