पांझरामाईच्या मिशा

पिंपरखेड्याच्या लोटन नानांची पिठाची गिरणी. वर्षभर त्यांच्या तोंडून तीनच शब्द निघत: "बारीक का जाड?" घरीसुद्धा तेच. पण आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली की हा मुखदुर्बळ माणूस मिशांसकट नऊवारी नेसून, मुकुट चढवून गावची नदी, पांझरामाय, व्हायचा.

आखाजीला गावात सोंगांची मिरवणूक निघते. आधी बैलगाड्या होत्या, मग ट्रॅक्टर आले, आता तर रावणाच्या दहाही तोंडांत दिवे लागतात. मिरवणूक नदीवर पोचली की दोन्ही काठांवरच्या बाया गौराई बुडवतात आणि पलीकडच्या गावाला मनसोक्त शिव्या घालतात; ज्याच्या शिव्या आधी सरतील ते गाव हरलं. नदी त्या दिवसांत गुडघाभर. शिव्या द्यायचा मान फक्त बायांचा. पुरुषाने ब्र काढायचा नाही. पांझरामाय मात्र बाईच, म्हणून नानांना मोकळीक.

चौतीस वर्षांपूर्वी नाना ओरडले होते, "तुमनी म्हैस दूध देस का धोवण?" पलीकडून एक पोरगी कडाडली, "तुनी गिरणीनं पीठ खाईसन आमना कोंबडास्ना दात पडनात!" पुढच्या वर्षी ती पोरगी, ताईबाई, त्यांच्या घरात होती. तेव्हापासून ती दर आखाजीला माहेरी जाते, पलीकडच्या काठावर उभी राहते आणि नवऱ्याला शिव्या घालते. मग आठ दिवस माहेरपण. नवराबायकोचं खरं बोलणं ते एवढंच.

यंदा मिरवणूक कमिटीचा अध्यक्ष हितेंद्र म्हणाला, "नाना, व्हिडिओ लांबवर जातात. मिशीवाली माय बरी दिसत नाही." माय झाली कॉलेजातली नूतन. शिव्यांऐवजी पाणी वाचवायचा संदेश. नाना मिशांसकट काठावरच्या निंबाखाली बसले. वर्षभर गिरणीच्या घरघरीत जुळवलेल्या एकोणीस शिव्या पोटात तशाच. फार वाईट वाटलं त्यांना.

नूतनने माइकवर संदेश वाचला. पलीकडच्या बाया जांभया देऊ लागल्या. एवढ्यात ताईबाईचा आवाज आला, "आमनी मिशीवाली कोठे गयी? कोणले शिव्या देवूत आम्ही?"

नूतन शहाणी पोरगी. तिने मुकुट काढून नानांच्या डोक्यावर ठेवला, अंगावर आपली शाल टाकली आणि त्यांना पाण्यात ढकललं. बाईपणाला तेवढं पुरे, असं बायांनीच ठरवलं.

नाना गुडघाभर पाण्यात उभे. मिशा थरथरताहेत. एकोणीसपैकी एक शिवी आठवेल तर शपथ!

"घर चाल वं," ते ओरडले. "तुन्हाबिगर चहा गोड लागत नही!"

पलीकडे एकच हलकल्लोळ, "हारना! लोटन हारना!" हितेंद्रने कपाळावर हात मारला. इतक्या वर्षांत गाव पहिल्यांदा हरलं होतं, तेही असल्या वाक्यावर.

ताईबाईने मात्र पातळ गुडघ्यापर्यंत खोचलं, माहेरपणाचे आठ दिवस तिथेच सोडले आणि नदी ओलांडून आली. नानांच्या डोक्यावरचा वाकडा मुकुट सरळ करत म्हणाली, "साखर तूच टाकत नहीस, मेल्या."